अ आणि अं

आदरणीय व्याहीसाहेब यांसी,

लगागा लगागा लगागा लगागा.

घाबरू नये, मला काही झालेलं नाही. आपल्याला लिहायचं म्हणून कागद पुढे ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि कानात पहिला आवाज हाच उठला, म्हणून तोच आधी उतरवला. पासष्ट वर्षांपूर्वीचा आवाज आहे. आमचे मराठीचे मास्तर टेबलावर डस्टर आपटायचे, एकदा हलकं आणि दोनदा जोरात, आणि सबंध वर्ग त्या ठेक्यावर ओरडायचा. वृत्त भुजंगप्रयात. भुजंग म्हणजे साप आणि प्रयात म्हणजे त्याचं चालणं, असं सांगून मास्तर हातानं हवेत साप काढून दाखवायचे. प्रत्येक 'गा'ला डस्टरमधून खडूचा धुरळा उडायचा, खिडकीतून आलेल्या उन्हाच्या पट्ट्यात ते पांढरे कण गोल गोल फिरत राहायचे, आणि मी कविता सोडून त्या कणांकडे बघत बसायचो. (त्याबद्दल ते डस्टर टेबलाऐवजी माझ्या पाठीवरही पडलेलं आहे. ठेका तोच.) माणूस लहानपणी जिथे बघत बसतो तिथेच म्हातारपणी पुन्हा जाऊन बसतो, हे तेव्हा मास्तरांनाही ठाऊक नव्हतं आणि मलाही.

असो. आता रीतीनं. कंबर परवानगी देते तितका वाकून नमस्कार. आपला उजवा गुडघा, विहीणबाईंचा रक्तदाब आणि आपण रोज सकाळी काट्यावर तोलून पाणी घालता ती गॅलरीतली कुंडी, तिन्ही ठीक असावीत. इकडे आम्ही दोघं मजेत आहोत, म्हणजे ही मजेत आहे आणि मी काल रात्रभर झोपलेलो नाही. पत्र का, फोन का नाही, असं आपल्या मनात येईल. आपल्याला फोनवर कमी ऐकू येतं, म्हणून आपण तो विहीणबाईंच्या हाती देता. आणि विहीणबाई गेल्या वर्षापासून माझ्याशी बोलत नाहीत. (कारण मला ठाऊक आहे. पुढे ओघानं येईलच, मी ते टाळणार नाही.) शिवाय आपली सारी नोकरी वजनमापांचे तपासनीस म्हणून गेली. काल रात्री मुलीच्या तोंडी मी आपल्याला निरोप धाडला, तर पाच मिनिटांत तिचा उलटा फोन, "बाबा, मी इकडच्या बाबांना सांगितलं. ते म्हणाले, ज्याचा माल त्यानं लेखी द्यावं." म्हणून लेखी देतो आहे. मुद्दा एका ओळीचा आहे: सोमवारी मी आपल्याला कुरिअरनं पाठवलेलं निळं मेमरी कार्ड कृपा करून कोरं करून घेऊ नये. त्यात काळ्याकुट्ट अंधाराशिवाय काही नाही हे खरं, पण तो अंधार मला हवा आहे. तो गेला तर परवा, शनिवारी, माझ्या नावानं एक खोटी गोष्ट कायमची छापली जाईल.

स्वतः आलो असतो. पण दोन तास बसमध्ये बसायचं तर पायात काहीतरी हवं, आणि गच्चीवर अनवाणी उभं राहून लागलेला खोकला थांबेपर्यंत हिनं माझे बूट लपवून ठेवले आहेत. "आभाळ बघायला चपला लागत नव्हत्या ना, मग आता बसा घरात," असा निकाल आहे. त्यावर अपील नाही.

आता तो अंधार आपल्याकडे कसा आला ते मुळापासून सांगतो, कारण मुळापासून सांगितल्याशिवाय मी वेडा नाही हे आपल्याला पटणार नाही. (सांगितल्यावरही पटेल असं नाही.) मी छापखान्यात मुद्रितशोधक होतो हे आपण जाणताच. मुद्रितशोधक म्हणजे दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरणारा माणूस. या बाबतीत आपलं आणि माझं गोत्र एकच म्हणायला हवं. मी लागलो तेव्हा जुनी पुस्तकं नव्या लेखननियमांनी पुन्हा छापायचं काम जोरात होतं. जुन्या लिखाणात डोक्यावर नुसते बसून राहिलेले, तोंडानं कुणी न उच्चारणारे अनुस्वार पानापानावर असत, आणि ते काढायला मला बसवलं होतं. सकाळी दहापासून संध्याकाळी सहापर्यंत, लाल पेन आणि ठिपके. 'नांव'चं नाव केलं, 'पांच'चे पाच केले, 'कां'चं का केलं. पहिल्या वर्षी इतके ठिपके काढले की ही म्हणायची, तुमच्या कोटाच्या खिशात हात घातला तर अनुस्वार निघतील. त्यात एकदा असा प्रसंग झाला की ठिपक्याची धास्तीच बसली. एका संस्थेच्या अहवालात 'अध्यक्षांनी कार्यक्रमात उत्साहानं भाग घेतला' असं वाक्य होतं. छापताना अक्षराच्या खिळ्यावर धुळीचा एक कण बसला, नेमका 'भा'च्या डोक्यावर. अध्यक्षांनी उत्साहानं काय घेतलं ते पुढल्या पाचशे प्रती वाचत राहिल्या. मालकांनी मला बोलावून एवढंच सांगितलं, "हे बघा, जो ठिपका मुळात नव्हता, तो दिसला की काढायचा. विचार करत बसायचं नाही." ते वाक्य मी आयुष्यभर पाळलं. विचार केला नाही.

विहीणबाईंचं इथेच सांगून टाकतो. नातवाच्या पहिल्या वाढदिवसाचा सगळ्यांचा फोटो मी मोठा करून, चौकट करून आपल्याकडे दिला होता. संगणकावर तो साफ करताना मला विहीणबाईंच्या हनुवटीवर धुळीचा एक कण दिसला. दिसला, काढला. विहीणबाईंनी फोटो हातात घेतला, हनुवटीला बोट लावलं आणि आपल्याला विचारलं, "ही कोण?" साठ वर्षांचा तीळ होता तो, मला कसं कळावं! (म्हणजे कळायला हवं होतं. समोर बसून मी त्यांच्या हातचा चहा डझनभर वेळा घेतला आहे. पण मी माणसाकडे बघताना कधी हनुवटीपर्यंत जातच नाही, बोलताना मला छताकडे बघायची सवय आहे.)

तर दुर्बीण. निवृत्तीनंतर मी सहा इंची आरशाची दुर्बीण घेतली आणि गेली नऊ वर्षं मी आमच्या इमारतीच्या गच्चीवर, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला, आभाळ बघतो. सप्तर्षींच्या शेपटाजवळ एक सर्पिल दीर्घिका आहे. सर्पिल म्हणजे सापासारखी वळलेली, आणि दीर्घिका म्हणजे आपल्या आकाशगंगेसारखं तारकांचं एक अख्खं गाव, फार लांबचं. इतकं लांबचं, की तिथून निघालेला उजेड इथे पोचायला सुमारे दोन कोटी वर्षं लागतात. (आपल्या कुरिअरला एक दिवस लागतो, म्हणून मी त्याला नावं ठेवत नाही.) डोळ्याला ती धुराच्या फुंकरीसारखी दिसते. तिचे वळसे दिसायला हवे असतील तर कॅमेरा दुर्बिणीला जोडायचा, दोन दोन मिनिटांचे नव्वद फोटो काढायचे आणि ते एकावर एक रचायचे. एकेक फोटो जवळजवळ काळाच येतो. नव्वद काळोख एकावर एक ठेवले की मधून चांदणं उमटतं. यावर खरं तर कविता व्हायला हवी, पण माझ्या हातून झाली ती दुसरीच, ती पुढे देतो.

गेल्या शनिवारी हवा स्वच्छ होती. गच्चीतला दिवा बंद होत नाही, त्याच्यावर मी जुनी बादली पालथी टांगली. सगळं जुळलं, आणि दोन मिनिटं मोजून कॅमेरा बंद करणारं जे छोटं यंत्र आहे, त्याचा सेल नेमका तेव्हाच गेला. अंधारात घड्याळ दिसेना, दिवा लावावा तर फोटो बिघडतो. मग मास्तर मदतीला आले. भुजंगप्रयातातलं चार ओळींचं कडवं त्यांच्या चालीत म्हटलं तर बरोबर पंधरा सेकंद लागतात, हे मी पूर्वी कधीतरी मोजून ठेवलं होतं. आठ कडवी म्हणजे दोन मिनिटं. बटण दाबायचं, आठ कडवी म्हणायची, बटण सोडायचं. असं नव्वद वेळा. पाठ असलेल्या कविता चाळिसाव्या फोटोला संपल्या, पुढे मी आपल्याच पदरच्या रचत गेलो. बहुधा बावन्नाव्या फोटोच्या सुमाराला जिन्याचं दार उघडलं आणि आमचा वॉचमन काठी घेऊन वर आला. "काका, चौथ्या मजल्यावरून तक्रार आलीये. वर कुणीतरी रडतंय म्हणे." मला उत्तर देता येईना, कारण मी तिसऱ्या कडव्यात होतो. मी हात हलवून 'थांब' म्हटलं आणि म्हणत राहिलो. तो बिचारा पाच कडवी हात जोडून उभा राहिला. त्याला वाटलं काहीतरी धार्मिक चाललंय. नंतर त्याला शेजारच्या छोट्या दुर्बिणीतून दीर्घिका दाखवली. बराच वेळ बघून म्हणाला, "काका, हा तर कापूस आहे. याच्यासाठी रडत होतात?"

रविवारी नव्वद फोटो संगणकावर एकावर एक रचले आणि, व्याहीसाहेब, ती उमटली. खरोखर उमटली. वळसे, वळशांमधल्या काळ्या फटी, मधलं पिवळट केंद्र. नऊ वर्षं जिचा धूर पाहिला तिचं तोंड पाहिलं. हिला हाक मारली, ती ओल्या हातानं आली, बघितलं आणि एकदाच काहीही टोमणा न मारता म्हणाली, "मास्तर हवेत साप काढायचे म्हणता, तो हाच का?" मी तर गहिवरलोच. आणि त्या गहिवरातच मला खालच्या वळशाच्या टोकाला एक ठिपका दिसला. पांढरा, ठसठशीत. पुस्तकातल्या चित्रात तो नव्हता. माझ्या गेल्या वर्षीच्या पुसट फोटोतही नव्हता.

जो ठिपका मुळात नव्हता, तो दिसला की काढायचा.

मी काढला. डाग पुसायचा ब्रश असतो, एकदा टिचकी मारली की झालं. आणि छापखान्याचा दुसरा नियमही पाळला: दुरुस्त प्रत हाती आली की जुनी फाडायची, नाहीतर घोटाळा होतो. संगणकावरचे नव्वद मूळ फोटो आणि ठिपका असलेलं रचलेलं चित्र, सगळं उडवून मोकळा झालो. मूळ फोटो कार्डावर आहेतच, असा हिशेब होता. साफ केलेलं चित्र त्याच संध्याकाळी आमच्या आकाशप्रेमी मंडळाच्या प्रदर्शनाला पाठवलं. शेवटची तारीख होती.

काल, बुधवारी दुपारी मंडळाच्या सचिवांचा फोन. ते दातांचे डॉक्टर आहेत, समोरच्या माणसाच्या तोंडात हत्यार ठेवून फोनवर बोलायची त्यांना सवय आहे, त्यामुळे मागे सतत कुणाचं तरी 'आ' चालू असतं. म्हणाले, "काका, बातमी ऐकलीत का? तुमच्या दीर्घिकेत तारा फुटलाय! सोमवारी रात्री परदेशातल्या कुणाला तरी दिसला." व्याहीसाहेब, एखादा मोठा तारा मरताना असा फुटतो की सबंध दीर्घिकेत तो एकटा ठळक दिसू लागतो. माणसाच्या जन्मात असा जवळचा एखादाच येतो. तो नेमका कोणत्या दिवशी उजळू लागला हे कळलं तर शास्त्रज्ञांना फार उपयोग होतो, म्हणून त्याच्या आधीच्या दिवसांचे फोटो शोधले जातात. मी खुर्चीत बसलो. मग ते म्हणाले, "तुमचा शनिवारचा फोटो आहे ना, तो मी बघितला. फार स्वच्छ फोटो आहे हो! त्यात तारा नाहीच. म्हणजे शनिवारी तो उगवला नव्हता हे पक्कं झालं. या शनिवारी आपलं पत्रक जातंय, त्यात तुमच्या नावानिशी कळवतो. ठीक?"

माझ्या तोंडून फक्त 'हं' निघालं. (त्यात मात्र अनुस्वार होता.)

आपण तपासनीस. आपल्याला सांगायला नको की खोट्या वजनापेक्षा खऱ्याचा शिक्का मारलेलं खोटं वजन वाईट. तीस वर्षं मी दुसऱ्यांची पानं तपासली. एक 'भांग' सोडला तर माझ्या हातून चूक बाहेर गेली नाही. आणि आता मी दोन कोटी वर्षांचा प्रवास करून आलेला उजेड शेवटच्या फुटावर पुसला आहे, आणि वर जगाला सांगतो आहे की तो आलाच नव्हता. रात्री डोळे मिटले की तो ठिपका दिसतो. उघडले की छताला दिसतो. मध्येच असंही वाटतं, की ती खरंच धूळ असेल तर? कॅमेऱ्यातली धूळ आणि तारा ओळखायची साधी खूण आहे: नव्वद फोटोंत तारे दर फोटोला केसभर सरकलेले असतात. ठिपका धुळीचा असेल तर दर फोटोत एकाच जागी ठाण मांडून बसतो, खरा तारा असेल तर इतर ताऱ्यांबरोबर सरकतो. पाच मिनिटांचं काम. मी ते रविवारी केलं नाही. विचार करायचा नाही असं शिकलो होतो ना.

बुधवारी सचिवांचा फोन ठेवल्या ठेवल्या मी टेबलाच्या खणातून कार्ड काढलं. आता हे मी आपल्याला कसं सांगू. माझ्याकडे एकसारखी दोन निळी कार्डं आहेत. आपल्या पंचाहत्तरीच्या समारंभाचे फोटो काढायचा मान आपण मला दिलात, तो शुक्रवारी. दीर्घिका शनिवारी. घोटाळा नको म्हणून मी दोन्हींवर पांढरी चिठ्ठी चिकटवून शाईनं अक्षर लिहिलं होतं. अमृतमहोत्सवाचा 'अ'. अंतराळाचा 'अं'. किती साधी, सुटसुटीत, मुद्रितशोधकाला शोभेल अशी योजना! सोमवारी 'अ' लिहिलेलं कार्ड उचललं आणि आपल्याला रवाना केलं. बुधवारी खणातलं कार्ड उघडून बघतो तर त्यावरही 'अ', आणि आत आपण. दोन्ही कार्डांवर 'अ'. शनिवारी दवानं बोटं ओली होती, कार्ड कॅमेऱ्यातून काढताना अंगठा चिठ्ठीवर घासला असणार. अनुस्वार पुसला गेला. आयुष्यभर लाल पेनानं जे केलं ते या वेळी नुसत्या अंगठ्यानं झालं, आणि अंतराळाचं कार्ड अमृतमहोत्सव म्हणून आपल्या दारी आलं.

एवढ्यात मुलीचा फोन. "बाबा, तुम्ही काय पाठवलंत? इकडच्या बाबांनी सगळ्या पाहुण्यांना बोलावून टीव्हीवर लावलं. नुसता काळोख! एकामागून एक काळोख! नव्वद! आत्याबाई तर म्हणाल्या, पंचाहत्तरीला असलं अभद्र कोण पाठवतं?" मी विचारलं, बाबा काय म्हणाले? ती म्हणाली, काही नाही, शेवटपर्यंत सगळे बघितले, मग म्हणाले, कार्ड सदोष दिसतंय, फोटोवाल्याकडे देऊन कोरं करून घेतो. व्याहीसाहेब, तेव्हापासून मी घड्याळच बघतो आहे. आज सकाळी तुमच्या गावचं फोटोचं दुकान किती वाजता उघडत असेल याचा मी अंदाज करत बसलो. नऊला म्हटलं तर उठून फेऱ्या मारतो, अकराला म्हटलं तर जरा बसतो.

मघाशी म्हटलेली कविता हीच. गच्चीवरची नव्हे, काल रात्रीची:

नभी शोधतो मी नवा एक तारा
पुसे हात माझा तयाचा पसारा

वृत्तात बसते, मोजून पाहा. (जुन्या लेखनात 'नभीं' असं सानुस्वार लिहिलं असतं. तोही मीच काढला असता.) हिला ऐकवली. म्हणाली, "दोन ओळी बऱ्या आहेत, पण त्या डॉक्टरांना एक ओळ सांगितली असती तर झोप लागली असती." ती नेहमीच गद्यात बोलते, आणि बहुतेक वेळा बरोबर बोलते, हा तिचा मोठा दोष आहे.

तरी एवढं करावं. कार्ड कोरं झालं नसेल तर ते तसंच, कुठल्याही यंत्रात न घालता, कागदाच्या पुडीत ठेवावं. त्याच्या बदल्यात समारंभाचं खरं कार्ड मी ताबडतोब पाठवतो. आत्याबाईंना सांगावं की तो काळोख अभद्र नव्हता, फक्त एकेकटा होता. विहीणबाईंना माझा नमस्कार सांगावा आणि तिळाबद्दल लेखी दिलगिरी हीच समजावी. कुरिअरवाला चार वाजता येतो, त्याच्या हाती हे देतो. उद्या दुपारपर्यंत पोचावं.

आपला, आयुष्यभर दुसऱ्यांचं तपासून स्वतःचं न तपासलेला,
व्याही

ता. क. एक गोष्ट वर लिहायची राहिली. खरं तर राहिली नाही, तीन वेळा लिहून तीन वेळा खोडली. कार्ड मिळालं तरी सचिवांकडे जाऊन 'तो ठिपका होता, मीच पुसला' हे मला एकट्याला म्हणता येणार नाही. काल दोनदा फोन लावला, दोन्ही वेळा मागून 'आ' ऐकू आलं आणि ठेवला. प्रदर्शनात माझा फोटो दर्शनी भिंतीवर लागणार आहे म्हणे. मंडळात सगळे मला 'काका' म्हणतात, आदरानं म्हणतात, आणि परवापासून बहुधा नुसतं म्हणतील. कार्ड कोरं झालं असेल तर फारच वाईट. हाती पुरावा काही नाही आणि तोंडी कबुली तेवढी, म्हणजे त्यांना वाटेल म्हातारा आता शोधाचं श्रेय मागतोय. म्हणून खरी विनंती ही: शनिवारच्या आत आपण एकदा इकडे यावं आणि माझ्याबरोबर सचिवांकडे चलावं. आपण काही बोलायची गरज नाही. आपण नुसते शेजारी उभे असलात की माणूस खरं बोलतो, हे मी लग्नाच्या बैठकीत अनुभवलं आहे. मला माहीत आहे की आपला गुडघा जिन्याला राजी नाही आणि आमच्याकडे लिफ्ट नाही. लग्नानंतर त्या तीन मजल्यांपायीच आपण एकदाही आला नाहीत. तरी विचारतो.

ता. क. दुसरं. बदल्यात पाठवतो म्हटलेलं समारंभाचं कार्ड मी आत्ता पुन्हा नीट बघितलं, आणि लेखी देतोच आहे तर हेही देतो. गेल्या गुरुवारी रात्री कॅमेऱ्याच्या साध्या भिंगानं आभाळाची चाचणी घेतली होती, तेव्हा भिंगाचं कडं 'अनंत' या खुणेवर फिरवून चिकटपट्टी लावून ठेवली होती. ती शुक्रवारी काढायची राहिली. त्यामुळे दोनशे बारा फोटोंत सभागृहाची मागची भिंत, तिच्यावरचं घड्याळ आणि बाहेर पडायचं दार अतिशय रेखीव आलं आहे. पुढे केक कापताना जो धुक्याचा लोट दिसतो, ते आपण. बारकाईनं पाहिलं तर ओळखता येतं. दीर्घिकेपेक्षा आपण पुष्कळ स्पष्ट आहात.

ता. क. तिसरं, घाईत. बेल वाजली. चार वाजायला अजून वीस मिनिटं आहेत, कुरिअरवाला लवकर आला म्हणून पाकीट शोधत दाराशी गेलो आणि दाराच्या भिंगातून बघितलं. व्याहीसाहेब, आपण आहात. कठड्याला धरून, धापा टाकत, काखेत फोटोंचा जाडजूड गठ्ठा, आणि मागे वॉचमन आपली पिशवी घेऊन. मी दार न उघडता परत टेबलाशी आलो आहे, हातातलं पेन सुटत नाही. आपण त्याच्याशी बोलताहात ते सगळं ऐकू येतं (आपल्याला कमी ऐकू येत असल्यानं सगळ्यांनाच ऐकू येतं). "...दुकानदार म्हणाला कोरं करतो. मी म्हटलं, तपासणीआधी विल्हेवाट नाही, आधी नव्वदच्या नव्वद कागदावर काढून दे. रात्रभर भिंग घेऊन बसलो. धुरकट चकतीच्या काठाला हा बघ, डाग. प्रत्येक फोटोत. नव्वद ठिकाणी लाल पेन्सिलीनं गोल केलेत. तुझे काका म्हणतील धूळ आहे. पट्टीनं मोजलंय मी! बाकीचे ठिपके जेवढे सरकतात तेवढाच हाही सरकतो. धूळ कधी अशी मापात सरकते का?" वॉचमन विचारतोय, मग ते कार्ड टाकून दिलंत का? "टाकून? पुरावा आहे तो. खिशात आहे."

व्याहीसाहेब, सरकतो. तो सरकतो.

बेल पुन्हा वाजली. ही आतून ओरडते आहे, "अहो, व्याही तीन जिने चढून दारात उभे आहेत, आणि तुम्ही त्यांनाच पत्र काय लिहीत बसलात? उघडा की दार!"